बाप गेला गावाला

नाव सांगत नाही. एकदा सांगून पाहिलं, त्याचा स्टिकर झाला.

बाकीची ओळख करून देते. मी बार्शीची. सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र, मुक्काम हॉस्टेलवर. वडिलांचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे, आई अंगणवाडी सेविका, आजी आमच्याकडेच असते. छंदाच्या रकान्यात सगळे ‘वाचन’ लिहितात, मीही लिहिते. खरा छंद रात्री अकरा ते एक पांघरुणात फोन घेऊन मीम बघणं हा आहे. पुढे जे काही म्हणणार आहे ते या दोन तासांच्या जोरावर. मीम म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगू नये.

आता स्टिकरची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या स्वागत समारंभात एकेकाने माइकपाशी जाऊन नाव, गाव, छंद सांगायचा होता. साल २०२४. त्याच मार्चमध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला होता, की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांचं नाव लिहिताना आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. माझा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा, मला तो नियम लागूच नाही. पण वाचलं तेव्हापासून डोक्यात होतं. माइकवर मी माझं नाव घेतलं, आईचं घेतलं, आणि घाबरल्यामुळे थेट आडनावावर उडी मारली. वडील राहून गेले. क्रांती वगैरे काही नव्हती, घशाला कोरड पडली होती. मागच्या बाकांवरून आवाज आला, “आणि बाप?” सगळं सभागृह हसलं. संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर स्टिकर आला: अर्धवट उघड्या तोंडाची मी, हातात माइक, वर माझं आणि आईचं नाव आणि आडनाव, खाली पिवळ्या अक्षरांत ‘बाप गेला गावाला’.

मला हसू आलं. अडचण इथूनच सुरू होते. स्टिकर खरोखर चांगला होता, यमक नसूनही ठेका होता. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे दोन चेहरे पाठवले आणि ‘मनाला लावून न घेणारी’ म्हणून पास झाले. त्यानंतर वर्षभर तो स्टिकर कशालाही लागू पडला. प्रॅक्टिकलला कुणी आलं नाही, बाप गेला गावाला. कँटीनमधला वडा संपला, बाप गेला गावाला. माझ्याशी, माझ्या आईशी, सरकारी निर्णयाशी त्याचा काही संबंध उरला नाही. फक्त माझं तोंड उरलं.

रात्री आजीला फोनवर सांगितलं. तिला स्टिकर म्हणजे काय ते कळलं नाही, नावाचं मात्र कळलं. तिचं माहेरचं नाव वेगळं होतं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून जुन्या नावाने हाक मारणारे फक्त भाऊ उरले. ते गेले तसं ते नावही गेलं. मी विचारलं, तुला तुझं नाव कुठलं वाटतं गं? म्हणाली, “हाक मारील त्याच्यावर हाय.”

पितृसत्ता हा शब्द मी पहिल्यांदा समाजशास्त्रवाल्या मैत्रिणीच्या वहीत वाचला. मला वाटायचं, एवढी मोठी सत्ता, तर तिची कुठेतरी खुर्ची असेल, खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असेल. आमच्या घरात शोधलं. वडिलांनी आईवर कधी हात उगारलेला नाही, मला सोलापूरला त्यांनीच पाठवलं. आई म्हणते, “आपल्याकडे नाही हो असलं काही.” हे ती भाकरी थापता थापता, आम्ही सगळे जेवत असताना म्हणते. तिची भाकरी शेवटची असते आणि बहुतेक वेळा करपलेली. तिला शेवटी जेवायला कुणी सांगितलं, हे कुणालाच आठवत नाही. आजीलाही नाही, आणि आजीही आयुष्यभर शेवटीच जेवली.

कुणीच सांगितलेलं नसतं आणि सगळे करत असतात. मीमचंही नेमकं हेच आहे, आणि म्हणून मला या दोन गोष्टी एकत्र दिसायला लागल्या.

मीम हा शब्द इंटरनेटच्या आधीचा आहे. रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने तो १९७६ साली आपल्या ‘द सेल्फिश जीन’ या पुस्तकात बनवला. नक्कल केलेली गोष्ट अशा अर्थाचा ग्रीक शब्द त्याने ‘जीन’शी जुळेल असा छाटून घेतला. जनुकं जशी पिढ्यांमधून पुढे जातात तशा चाली, समजुती, कपड्यांच्या तऱ्हा एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातात आणि ज्याची नक्कल सहज होते ते टिकतं, असं त्याचं म्हणणं. ते खरं आहे का, कुणाच्या भल्याचं आहे का, याचा टिकण्याशी संबंध असेलच असं नाही.

डॉकिन्सच्या आधी आमच्याकडे हे काम म्हणी करत होत्या. ‘मुलगी म्हणजे परक्याचं धन.’ ‘बायकांची अक्कल चुलीपुरती.’ ‘नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं, तक्रार कुणाकडे करायची?’ या शेवटच्या म्हणीकडे जरा थांबून बघावं. मार खाणं पावसाच्या रांगेत नेऊन बसवलंय. पाऊस पडतो, नवरा मारतो, हवामानाचा भाग आहे. ही म्हण कुणी केली? माहीत नाही. ज्याने पहिल्यांदा म्हटली त्याला कुणी जाब विचारला असेल का? तोही म्हणाला असेल, “मी नाही म्हणत, म्हणच आहे तशी.” आज ग्रुपवर याच जागी ‘फॉरवर्डेड’ असं बारीक अक्षरात येतं. मजकूर माझा नाही, मी फक्त पुढे ढकलला. आणि ‘लेकी बोले सुने लागे’ हे तर मीमचं तंत्रच आहे. बोललं कुणालाच जात नाही, लागतं मात्र बरोबर तिलाच.

वडिलांचा दुकानदारांचा एक ग्रुप आहे. त्यावर युरियाच्या गाडीची वेळ, तणनाशकाचे भाव आणि बायकोवरचे विनोद येतात. विनोद वडील जेवताना मोठ्याने वाचून दाखवतात. एका सुट्टीत मी ठरवलं, अभ्यासाचा उपयोग करावा, महिनाभराचे विनोद मोजावेत, वर्गवारी करावी. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. तेच तेच विनोद चित्र बदलून परत येत होते. बायको माहेरी गेली, नवरा नाचतोय. बायको परत आली, नवरा रडतोय. बायको गप्प आहे, म्हणजे वादळ येणार. बायकोने साडी मागितली. संपलं. एवढ्या भांडवलावर हा धंदा माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे.

‘बायको माहेरी गेली’ यातली गंमत मात्र खरी समजून घेण्यासारखी आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. माझ्या विषयातली माणसं इथे लगेच विचारतील, सरासरी कुणाची? ती फक्त काम करणाऱ्यांची आहे. जे पुरुष घरात काडीही इकडची तिकडे करत नाहीत ते या ८८ मध्ये धरलेलेच नाहीत. म्हणजे बायको माहेरी जाते तेव्हा घरातून जवळजवळ पाच तासांचं काम उठून एसटीत बसतं. विनोदातला नवरा नाचतो, आणि त्याच्या जेवणाचं काय झालं हे पुढच्या चित्रात कधी दाखवत नाहीत. आमच्याकडे आई माहेरी जाण्याआधी दोन दिवसांच्या चटण्या करून, कणीक मळून ठेवते. मग वडील ग्रुपवर तो विनोद टाकतात. आई हसते. ती हसते कारण तिला तो विनोद वाटतो की कारण वडिलांना तो सांगायला आवडतो, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

आमच्या पिढीला हे ‘अंकल जोक’ वाटतात. आमचा माल वेगळा, ‘पापा की परी’. मुलगी स्कूटीवर, ब्रेकऐवजी दोन्ही पाय जमिनीवर, पुढे नाला. इथे हटकून कुणीतरी आकडे फेकतं. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, त्यात प्रचंड बहुसंख्य पुरुष, मग खराब चालवतं कोण? मी हा युक्तिवाद करणार नाही. पुरुष गाड्या जास्त चालवतात, जास्त लांब चालवतात, रात्री चालवतात. मरणाऱ्यांत ते जास्त असणारच, त्यावरून कौशल्य ठरत नाही. पण मग मला असं विचारायचंय, की आकडे बघून मी जर तोंड आवरते, तर आकड्यांशिवाय मीम करणाऱ्याला कुणी आवरायला सांगत का नाही? मीमला पुरावा लागत नाही. ज्या मुलीला घरची गाडी शिकायला अठरावं उजाडतं, जिच्या भावाने सहावीतच शेताच्या वाटेवर शिकून घेतलेली असते, ती पहिल्या महिन्यात पाय टेकवणारच. ते सहा-सात वर्षांचं अंतर चित्रात येत नाही, पाय येतात.

आता ज्या कारणाने हा लेख लिहायला घेतला तिथे येते. बारावीत असताना आमच्या क्लासमधली एक मुलगी नुकती स्कूटी शिकली होती. क्लासच्या फाटकाला तिने धडक दिली, आरसा तुटला, ढोपर फुटलं. त्याचा मीम मी केला. मी. फाटकाचा फोटो काढला, वर पंख लावलेली परी चिकटवली. मुलांच्या ग्रुपवर कुणीतरी नेला आणि दोन दिवस माझं नाव झालं. एक जण मला म्हणाला, “तू बाकीच्या मुलींसारखी नाहीस.” मला ते प्रशस्तिपत्रक वाटलं होतं, लॅमिनेट करून ठेवावं असं. बाकीच्या मुली म्हणजे कोण, हा प्रश्न मला पडला नाही. ती मुलगी पुढच्या आठवड्यापासून बसने यायला लागली. गाडी तिच्या भावाला मिळाली.

म्हणून ‘मुलं असं करतात’ हे वाक्य मला लिहिता येत नाही. मुली हसतात, कारण हसणं ही टोळीत बसायची फी आहे, आणि फी भरून झाली की दुसऱ्या मुलीकडून ती वसूल करायची सोय असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, लोकांना सात कारणं दिली होती: न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, उलटून बोलली, अशी. यांपैकी एका तरी कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं ४४ टक्के पुरुषांना वाटलं. आणि ४५ टक्के बायकांना. पावसाची म्हण अजून कुठे राहते ते या दोन आकड्यांत दिसतं.

हसण्याची फी कुठपर्यंत जाते याचं एक टोक आपण पाहिलं आहे. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला गिटहब या सॉफ्टवेअर ठेवायच्या साइटवर दोन अॅप आली. मुस्लिम बायकांचे, त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, फोटो उचलून ‘आजचा सौदा’ म्हणून त्यांचा लिलाव मांडलेला. विकणं खरं नव्हतं, सगळं ‘गमतीत’. दुसऱ्या प्रकरणात मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी अटक केलेले बरेचसे आरोपी विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते, माझ्या वर्गात सहज खपून गेले असते असे. त्यांत एक जेमतेम कॉलेजच्या वयाची मुलगीही होती. खटल्यात काय व्हायचं ते होईल. मला तिची बातमी वाचून फाटकावरची परी आठवली. अंतर खूप आहे, मान्य. पण दोन्हीकडे फोटो न विचारता उचललेला, दोन्हीकडे प्रेक्षक आपलेच, आणि दोन्हीकडे उत्तर तयार: गंमत होती.

इथे वर्गातला एक मित्र, चांगला मित्र, दरवेळी अडवतो. म्हणतो, पुरुषांचं कुणी बोलत नाही. आत्महत्या कोण जास्त करतं ते बघ. बघितलं. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात शंभरात जवळपास बहात्तर पुरुष. राज्यांत सगळ्यात वर महाराष्ट्र, २२,७४६. हा आकडा मला परका नाही. आमचं दुकान शेतकऱ्यांच्या उधारीवर चालतं. वहीत ज्यांच्या नावापुढे रक्कम आहे आणि माणूस नाही अशा नोंदी वडील खोडत नाहीत, फक्त त्या पानावर परत जात नाहीत. त्यातल्या एकाच्या बायकोला कर्ज किती होतं हे तेराव्यानंतर कळलं. घरातल्या बाईला पैशाचं सांगायचं नसतं, पुरुषाने सगळं खांद्यावर घ्यायचं असतं, रडायचं नसतं. ‘मर्द’वाले जे मीम मित्र मला पाठवतो, कोट घातलेला माणूस, जळती सिगारेट, खाली ‘एकटा वाघ’, त्यात नेमकं हेच तर शिकवलेलं असतं. ज्या आकड्याने तो मला गप्प करायला बघतो तो आकडा ज्या कारखान्यात तयार होतो, तिथलाच माल तो फॉरवर्ड करतो. हे मी त्याला असंच सांगितलं. तो चिडला, दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी जर्नल मागायला आला.

एकटेपणाची थट्टा नको, हे त्याचं म्हणणं मात्र मी धरून ठेवलंय. ‘इन्सेल’ हा आज शिवीसारखा झालेला शब्द ज्या गटातून आला तो गट नव्वदच्या दशकात कॅनडातल्या एका तरुण बाईने सुरू केला होता, जोडीदार न मिळालेल्या बाया-बाप्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. पुढे तो शब्द दुसऱ्यांच्या हातात गेला, त्यात द्वेष भरला, आणि २०१८ साली टोरंटोमध्ये एकाने त्या नावाने फेसबुकवर पोस्ट टाकून गर्दीवर व्हॅन घातली. माझ्या हॉस्टेलपलीकडच्या मुलांच्या हॉस्टेलमध्ये अशी व्हॅन नाही. पण रात्री अकरा ते एक तेही पांघरुणातच असतात, आणि त्यांना पांघरुणात काय दाखवलं जातं ते माझ्यापेक्षा वेगळं आहे. एकदा शेजारी बसून आम्ही दोघांनी आपापले फोन बदलून पाहिले. दोघेही दहा मिनिटांत ओशाळलो.

मग उलट मीम करावेत का? आम्ही केलेत. आणि हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. आजीच्या आईकडे जातं होतं. पहाटे दळताना बायका ओव्या म्हणायच्या, सासूवर, नणंदेवर, नवऱ्यावर, भावाच्या वाटेवर. ओवीला मालक नसायचा. एकीने म्हटली, दुसरीने नाव बदलून आपली केली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. साचा एक, भरणा आपला, हे आज आम्ही ज्याला टेम्पलेट म्हणतो तेच. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीला नवस बोलते आणि सासरच्या एकेकाची वासलात लावायला सांगते, ते गाणं कीर्तनात बायका-पुरुष दोघंही हसत ऐकतात. अध्यात्म आहेच त्यात, कुणी नाही म्हणत नाही. पण आमची आजी हसते ती अध्यात्माला नाही.

आणि ताराबाई शिंदे. १८८२ साली बुलढाण्याच्या या बाईने ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापलं. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येसाठी फाशी सुनावली गेली होती आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेणं चाललं होतं. ताराबाईंनी काय केलं, तर बायकांना चिकटवलेला एकेक दुर्गुण उचलला आणि पुरुषांना विचारलं, हा तुमच्यात नाही? साचा त्यांचाच, चेहरा त्यांचाच. एवढं खणखणीत मराठी आजही ग्रुपवर टाकलं तर दोन जण ग्रुप सोडतील. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, बाकी टीकाच वाट्याला आली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही.

आमची मजल एवढी नव्हती. आमच्या मुलींच्या हॉस्टेलचं फाटक सातला बंद होतं, मुलांचं कधी होतं ते मुलांनाही माहीत नाही. एका मैत्रिणीने मीम केला: तिन्हीसांजेला आजी कोंबड्या डालग्याखाली कोंडतेय, खाली ‘लेडीज हॉस्टेल, सात वाजता’. आम्ही लोळून हसलो. तो मीम इतका चपखल होता की आठवड्याभरात वॉचमनकाकाही म्हणायला लागले, “चला पोरींनो, डालायची वेळ झाली.” वेळ काही बदलली नाही, पण पहिल्यांदा तिला नाव मिळालं, आणि नाव मिळाल्यावर रेक्टर मॅडमसमोर ते बोलता आलं. मला वाटलं, जिंकलो. पंधरा दिवसांनी मुलांच्या ग्रुपवरून तोच मीम परत आला. खाली ओळ बदलली होती. आता आम्ही कोंबड्या होतो, आणि पुढे जे लिहिलं होतं ते इथे लिहीत नाही.

जात्यावरची ओवी घरातच राहायची. पहाटे पाचला दुसरं कुणी ऐकायला नसायचं, म्हणून तिला धार ठेवता आली. आमचा मीम आठ मिनिटांत कंपाउंड ओलांडतो. चित्रावर आपला ताबा राहत नाही, मग ते कितीही हुशारीचं असो. म्हणून उलट मीम करत सुटणं हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. करावेत, मजा येते, कधी कधी उपयोगही होतो. पण चेंडू शेवटी त्यांच्याच मैदानात जातो.

बंदी मला त्याहून नको आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने फक्त लाइक केलं. दोघींना अटक झाली. कलमांत एक होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ, त्रासदायक मजकुरासाठीचं. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. कुणाला काय झोंबलं यावर तुरुंग ठरायला लागला की पहिल्यांदा कोण आत जातं ते पालघरने दाखवलं. बायकोवरचे विनोद टाकल्याबद्दल आजवर एकही दुकानदार आत गेल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही. फोटो चोरणं, धमकी देणं, लिलाव मांडणं हे गुन्हेच आहेत, त्यांना गमतीचं पांघरूण चालू नये. बाकी उरतं त्याचं काय करायचं, हा आमचा प्रश्न आहे, पोलिसांचा नाही.

मी सध्या एकच करते. हसत नाही, आणि भाषणही देत नाही. विचारते, “कळला नाही, समजावून सांग ना.” परवाचंच, वर्गाच्या ग्रुपवर एका मुलाशी:

“अगं, म्हणजे बायको डोकं खाते ना, म्हणून तो चंद्रावर गेला.”

“कुणाची बायको?”

“कुणाची नाही गं, जनरल.”

“म्हणजे तुझी आई पण?”

“आईवर जाऊ नको हां.”

मला जायचं नव्हतं. तोच जनरल म्हणाला होता. ग्रुपवर एक मिनिट कुणी काही टाकलं नाही, मग कुणीतरी अंतर्गत परीक्षेचं वेळापत्रक टाकलं. विनोद समजावून सांगायला लागला की त्याला मालक मिळतो. इतका वेळ कुणाचाच नसलेला तो अचानक त्याच्या हातात असतो आणि कुठे ठेवावा ते त्याला कळत नाही. याची किंमत आहे. मला ‘मॅडम’ म्हणतात, ‘आली बघा’ म्हणतात, दोन मुलींनी वेगळा ग्रुप काढला ज्यात मी नाही. त्यांच्यावर राग नाही. फी मीही भरलेली आहे. फाटकावाल्या मुलीला गेल्या दिवाळीत मेसेज केला, तो मीम मी केला होता असं सांगितलं. तिला आधीपासून माहीत होतं.

दिवाळीतच स्टिकरचं आईला कळलं. माझा फोन चार्जिंगला होता आणि ग्रुप उघडा. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मी समजावायला लागले, की असं झालं, माइकवर, घाबरले होते, पोरं चिडवतात. तिने हात वर करून थांबवलं. म्हणाली, हे माझ्या फोनवर कसं घ्यायचं ते दाखव. अंगणवाडीतल्या मुलांची वजनं-उंच्या पोषण ट्रॅकर अॅपवर भरून भरून तिचं बोट आता फोनवर सराईत चालतं, पण स्टिकर तिने कधी पाठवला नव्हता. दाखवलं. दुसऱ्या दिवशी वडील गाडीबरोबर धाराशिवला गेले. दुपारी आमच्या घरच्या ग्रुपवर मामाने विचारलं, दाजी आहेत का घरी? आईचं उत्तर आलं: उघड्या तोंडाची मी, माइक, पिवळी अक्षरं.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, अगं, तो चिडवायला केलेला आहे, तुला राग नाही आला? ती भाकरी थापत होती.

“माझं नाव बरोबर लिहिलंय त्यांनी,” म्हणाली. “रेशन कार्डावर चुकलंय.”